तळ्याकाठचं दहा बाय पंधरा

शहरात राहणाऱ्या अनेकांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो: एखाद्या तळ्याकाठी छोटंसं घर बांधायला किती पैसे लागतील? त्यामागोमाग दुसरा येतो: ते आपल्याला स्वतःच्या हातांनी जमेल का? तिसरा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. त्या घरात वर्षभर राहायचं, तर कोणता ऋतू येण्याआधी घराचा कोणता भाग तयार हवा?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका माणसाने पैशापैशाच्या हिशेबासकट लिहून ठेवली आहेत. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या काँकॉर्ड गावचा. 1845 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गावापासून दीड मैलावरच्या वॉल्डन तळ्याकाठी त्याने घर बांधलं आणि तिथे दोन वर्षं दोन महिने राहिला. 1854 साली त्याचं ‘वॉल्डन’ हे पुस्तक निघालं. दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याकडे थोरो ओळखीचा आहे तो विचारवंत म्हणून. या प्रकरणात आपण त्याच्याकडे घर बांधणारा माणूस म्हणून पाहू.

1. तळं कसलं, जमीन कुणाची?

वॉल्डन हे धरण नव्हे आणि खोदलेला तलावही नव्हे. शेवटच्या हिमयुगात या भागावर बर्फाचे प्रचंड थर होते. ते मागे हटताना बर्फाचा एक अवाढव्य तुकडा वाळू-गोट्यांत गाडला गेला. पुढे तो वितळला, वरची वाळू खचली आणि खोल खळगा तयार झाला. जमिनीतलं पाणी झिरपून तो भरला. म्हणूनच या तळ्याला येऊन मिळणारा ओढा नाही आणि बाहेर पडणाराही नाही. काठावर बारीक वाळू आणि गोटे आहेत. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही फार कामाची गोष्ट होती, कारण वाळूत पाणी साचून राहत नाही.

तळ्याला तळच नाही, अशी गावात समजूत होती. 1846 च्या सुरुवातीला तळं गोठलेलं असताना थोरोने बर्फाला भोकं पाडली, दोरीला सुमारे दीड पौंडाचा दगड बांधला आणि शंभराहून अधिक ठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागी 102 फूट भरले. हा आकडा लक्षात ठेवा, सातव्या भागात त्याचं काम आहे.

जमीन त्याची नव्हती. ती त्याचा वडीलधारा मित्र, लेखक राल्फ वॉल्डो इमर्सन याच्या मालकीची होती. तिथे राहायचं भाडंही नव्हतं. खर्चाचा आकडा वाचताना ही बाब विसरता कामा नये.

2. मार्च ते जुलै: सांगाडा आणि छप्पर

मार्चअखेर, तळ्यावरचा बर्फ अजून पुरता वितळलेला नसताना, थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन रानात गेला आणि पांढऱ्या पाइनची उंच, सरळसोट तरुण झाडं तोडू लागला. एकदा कुऱ्हाडीचा दांडा निसटला, तेव्हा त्याने हिकरीच्या लाकडाची पाचर ठोकली आणि कुऱ्हाड तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पात्याच्या भोकात घट्ट बसतं. काम झाल्यावर कुऱ्हाड परत केली ती आधीपेक्षा धारदार करून.

मुख्य खांब आणि तुळया त्याने सहा इंच चौरस तासल्या. बहुतेक उभे खांब मात्र दोनच बाजूंनी तासले, तर वासे आणि जमिनीखालच्या तुळया एकाच बाजूने. बाकी साल तशीच ठेवली. फळी जिथे ठोकायची तीच बाजू सपाट हवी, उरलेल्या बाजू गुळगुळीत करून घर जास्त टिकत नाही. साल ठेवलेलं लाकूड करवतीने कापलेल्याइतकंच सरळ आणि त्याहून मजबूत असतं, असं त्याचं मत होतं. लाकडं जोडताना एकाला खाच पाडायची आणि दुसऱ्याचं तासलेलं टोक त्यात बसवायचं, हीच सुताराची जुनी पद्धत त्याने वापरली.

फळ्या त्याने नव्या घेतल्या नाहीत. रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने 4 डॉलर 25 सेंटला विकत घेतली, ती उसवली आणि फळ्या गाडीने तळ्याकाठी आणल्या. मग त्या गवतावर पसरून ठेवल्या. उन्हाने त्या उजळल्या आणि वाकलेल्या पुन्हा सरळ झाल्या.

तळघर खणलं ते दक्षिणेला उतरणाऱ्या टेकाडात: सहा फूट चौरस आणि सात फूट खोल. एवढ्या खोलीवर वाळू कडक हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे बटाटे टिकतात. वाळू मऊ असल्याने हे काम दोन तासांत उरकलं. मेच्या सुरुवातीला ओळखीच्या मंडळींना बोलावून सांगाडा उभा केला. मदतीची अगदी गरज होती असं नाही, शेजारधर्माची संधी साधायची म्हणून, असं तो लिहितो.

फळ्या ठोकून झाल्या, छप्पर बसलं आणि 4 जुलैला तो राहायला गेला. तेव्हा घराला धुराडं नव्हतं आणि भिंतींना गिलावाही नव्हता. फळ्यांच्या फटींतून वारा आरपार जात होता. पण जुलै उन्हाळ्याचा महिना. पावसापासून आडोसा पुरेसा होता आणि स्वयंपाक तो सकाळी बाहेर मोकळ्यावर करी. उरलेलं काम त्याने शरदासाठी ठेवलं.

3. अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट

आता हिशेब पाहू. थोरोने दिलेली यादी अशी:

फळ्या 8.03½ डॉलर (बहुतेक त्या झोपडीतल्याच)
छपरासाठी आणि भिंतींसाठी टाकाऊ लाकडी कौलं 4.00
गिलाव्याखालच्या पट्ट्या 1.25
काचांसह दोन जुन्या खिडक्या 2.43
एक हजार जुन्या विटा 4.00
चुन्याची दोन पिंपं 2.40
केस 0.31
चुलाण्यावरची लोखंडी पट्टी 0.15
खिळे 3.90
बिजागऱ्या आणि स्क्रू 0.14
कडी 0.10
खडू 0.01
वाहतूक 1.40

एकूण 28 डॉलर साडेबारा सेंट. यादीतले केस पाहून चकित होऊ नका. चुन्याचा गिलावा वाळताना तडकू नये म्हणून त्यात जनावरांचे केस कालवत. वाहतूक एवढी स्वस्त पडली, कारण बराच माल त्याने पाठीवरून वाहिला.

या रकमेचं मोल कसं समजायचं? त्या काळात मजुराचा रोज एक डॉलर धरायचा, असं थोरो सुचवतो. म्हणजे हे घर साधारण 28 दिवसांच्या मजुरीत बसलं. त्याच परिसरातलं सर्वसाधारण घर त्याच्या अंदाजाने 800 डॉलरचं होतं. नुसता भागाकार केला तर 800 दिवस, पण माणसाला जेवायचंही असतं. म्हणून एवढी रक्कम शिल्लक पडायला, अंगावर कुटुंबाचा भार नसला तरी, दहा ते पंधरा वर्षं लागतात, असं त्याने मांडलं. दुसरी तुलना अशी: मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या कॉलेजात विद्यार्थ्याला खोलीचं भाडं वर्षाला 30 डॉलर पडे. म्हणजे एका वर्षाच्या भाड्याहून कमी पैशांत घर कायमचं झालं.

आता दुसरी बाजू. या 28 डॉलरमध्ये जमीन नाही. उभी झाडं, दगड आणि वाळू नाही, कारण तो माल जागेवरच होता. स्वतःची मेहनत नाही आणि उसन्या अवजारांचं भाडंही नाही. हे थोरोने लपवलेलं नाही, पण आकडा सांगणारे लोक एवढा भाग गाळतात. आज कुणी म्हणालं की अमक्याने दोन लाखांत शेतघर बांधलं, तर त्यालाही हेच विचारावं: जमीन कुणाची, लाकूड कुठलं, हात कुणाचे?

आणि मिळालं काय? दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, आठ फूट उंच खांबांची एक खोली. वर माळा, एक कपाट, दोन बाजूंना एकेक मोठी खिडकी, एका टोकाला दार आणि समोरच्या टोकाला विटांचं चुलाणं. दीडशे चौरस फूट, म्हणजे गिरणगावातल्या चाळीतल्या एका खोलीएवढं. फरक इतकाच की चाळीतल्या खोलीत आठ-दहा माणसं असत आणि इथे एक.

4. पानं लाल का होतात?

1 सप्टेंबरच्या आधीच थोरोला पलीकडच्या काठावरचे दोन-तीन छोटे मेपल लालभडक झालेले दिसले. आपल्याकडे त्या सुमारास भाद्रपद असतो आणि रान हिरवंगार असतं. तिथे मात्र शरदाची चाहूल लागलेली असते.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. हे द्रव्य उन्हात सतत मोडतं आणि झाड ते सतत नव्याने बनवतं. दिवस लहान होऊ लागले की झाड ही निर्मिती थांबवतं. पुढे येणाऱ्या हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठणार असतं. मुळांना पाणी मिळणार नसेल तर पानं सांभाळणं परवडत नाही. म्हणून झाड पानांतली कामाची द्रव्यं खोडात ओढून घेतं आणि देठाच्या मुळाशी एक पातळ थर तयार करतं. पान पुढे तिथूनच सुटतं.

हिरवा रंग गेला की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग दिसू लागतो. गाजराला नारिंगी करणाऱ्या द्रव्याच्याच कुळातली द्रव्यं इथे असतात. बर्च आणि एल्म यांचा पिवळा रंग असा येतो.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो आधीपासून नसतो, शरदातच तयार होतो. दिवसा लख्ख ऊन असेल तर पानात साखर बनते आणि रात्री गारवा असेल तर ती खोडाकडे जायची मंदावते. या साखरेपासून अँथोसायनिन नावाचं लाल द्रव्य बनतं. जांभळाच्या सालीत असतं ते याच गटातलं. म्हणून ज्या वर्षी दिवस उजळ आणि रात्री गार, त्या वर्षी मेपलची लाली अधिक गडद.

सह्याद्रीतही पानं लाल होतात, पण उलट्या टोकाला. फाल्गुन-चैत्रात कुसुमाच्या झाडावर येणारी कोवळी पालवी लालचुटूक असते. आपली पानझडी झाडं पानं टाकतात ती मुख्यतः कोरड्या महिन्यांत पाणी कमी पडतं म्हणून. थंडीने असो की कोरडेपणाने, झाडाची अडचण पाण्याचीच असते.

थोरोने पुढे या रंगांवर स्वतंत्र निबंध लिहिला. तो ऑक्टोबर 1862 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, ‘अटलांटिक मंथली’त छापून आला. पान रंगणं म्हणजे फळासारखं पिकणं, अशी त्याची मांडणी होती. त्यातलं शास्त्र आज जुनं झालं, पण एक निरीक्षण अजूनही खरं आहे: शेजारच्या रानात काय चाललंय हे गावातल्या बहुतेकांनी नीट पाहिलेलंच नसतं.

5. धुराडं आणि गिलावा

शेतातली खुरपणी उरकल्यावर, शेकोटीची गरज पडायच्या आत, थोरोने धुराडं बांधायला घेतलं. जुन्या विटांना पन्नास वर्षांचा चुना चिकटलेला होता. तो थापीने खरवडून काढता काढता हात भरून आले. विटांमधल्या जागा त्याने तळ्याच्या काठच्या दगडांनी भरल्या आणि चुन्यात तिथलीच पांढरी वाळू कालवली. काम मुद्दाम सावकाश केलं. धुराडं जमिनीवरून थेट उभं राहतं, घर जळालं तरी ते मागे राहतं, म्हणून त्याला घाई चालत नाही. त्याचं हे म्हणणं किती खरं होतं, ते शंभर वर्षांनी दिसलं.

गिलावा मात्र त्याने पाणी गोठायची थंडी पडेपर्यंत लांबवला. आधी भिंतींना बाहेरून चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लाकडी कौलं ठोकून घेतली. तोवर संध्याकाळी आत शेकोटी असे आणि धूर छान निघून जाई, कारण फळ्यांच्या फटींतून भरपूर हवा येत होती. मग पलीकडच्या काठावरून होडीने अधिक स्वच्छ वाळू आणून आतून गिलावा केला. कोरड्या विटा किती तहानलेल्या असतात, हे त्याला तेव्हा कळलं: त्या गिलाव्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकत आणि तो गुळगुळीत करायलाही सवड देत नसत. आजही आपले गवंडी वीट भिजवून घेतात ती याचसाठी.

गिलाव्यानंतर घर अधिक ऊबदार झालं, पण डोळ्यांना आधीचंच बरं वाटे, असं तो कबूल करतो. गाठींनी भरलेल्या तपकिरी फळ्या आणि साल असलेले वासे यांवर शेकोटीच्या सावल्या हलत, ती मौज गेली.

6. शरदातली बेगमी

ऑक्टोबरमध्ये तो नदीकाठच्या कुरणांत रानद्राक्षांसाठी जाई. ती खाण्यापेक्षा सुवासासाठीच अधिक, असं तो म्हणतो. चेस्टनट पिकले की हिवाळ्यासाठी अर्धा बुशेल, म्हणजे सुमारे सतरा-अठरा लिटरचं माप भरेल इतके, गोळा करी. मासे पकडायला गांडुळं शोधताना एकदा त्याला वेलीच्या मुळाशी गोडसर कंद सापडले. ते तिथल्या मूळ रहिवाशांचं जुनं अन्न होतं. उकडून खाल्ले तर भाजण्यापेक्षा बरे लागतात, अशीही त्याने नोंद केली.

सरपणासाठी शेतातले जुने बुंधे होते. शिवाय रेल्वेमार्ग बांधताना मजुरांनी जोडलेला लाकडी ओंडक्यांचा एक तराफा तळ्यात बुडालेला सापडला. दोन वर्षं पाण्यात राहूनही लाकूड शाबूत होतं. हिवाळ्यात त्याने ते ओंडके एकेक करून बर्फावरून घसरवत जवळजवळ अर्धा मैल नेले.

पाहुणेही आले. ऑक्टोबरमध्ये गांधीलमाश्या हजारोंनी घरात शिरल्या आणि खिडक्यांवर, भिंतींवर बसून राहिल्या. थंडीने गारठल्यावर काही त्याने बाहेर काढल्या, पण फारसा त्रास दिला नाही. त्या दिवसांत तो स्वतःही तळ्याच्या ईशान्य काठावर जाऊन बसे. पाइनच्या राईवरून आणि दगडी काठावरून परतणारं ऊन तिथे एकवटतं. फुकटची ऊब संपेपर्यंत सरपण का जाळायचं?

7. तळं उशिरा का गोठतं?

पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. शरदात थंड वाऱ्याने वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली जातं. खालचं तुलनेने कोमट पाणी वर येतं. ही उलथापालथ सगळं तळं 4 अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतर वरचं पाणी आणखी गार झालं तरी ते हलकं होतं, म्हणून वरच राहतं आणि तिथेच गोठतं. खाली मासे 4 अंशांच्या पाण्यात सुखरूप असतात.

तळं जितकं खोल, तितकं गार व्हायचं पाणी जास्त. पहिल्या भागातले 102 फूट इथे उपयोगी पडतात. 1845 साली वॉल्डन पूर्ण गोठलं ते 22 डिसेंबरच्या रात्री, तेव्हा आसपासची उथळ तळी गोठून दहा दिवस उलटले होते. थोरो अशा तारखा वर्षावर्षाला टिपत असे. हवामान बदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याच्या काँकॉर्डमधल्या ऋतूंच्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहतात.

या बर्फाचा मुंबईशीही संबंध आहे. 1846-47 च्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांनी वॉल्डनवरचा बर्फ कापून नेला. न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ भुशात रचून जहाजांनी कोलकाता, चेन्नई आणि मुंबईला येत असे आणि मुंबईच्या कोटात त्यासाठी बर्फघर होतं. आपल्या विहिरीचं पाणी मुंबईकर पितात, या कल्पनेने थोरोला गंमत वाटे. तो स्वतः सकाळी भगवद्गीता वाचत होता, म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी होती.

8. घराचं काय झालं, आणि आपण काय घ्यायचं?

6 सप्टेंबर 1847 रोजी थोरोने घर सोडलं. पुढे ते जागेवरून हलवलं गेलं, शेतकऱ्यांनी धान्य साठवायला वापरलं आणि अखेर मोडून टाकलं. 1945 साली रोलंड रॉबिन्स याने खोदकाम करून मूळ जागा शोधली. ती सापडली ती धुराड्याच्या पायावरून. आज तिथे दगडी खांब आहेत आणि थोड्या अंतरावर घराची प्रतिकृती उभी आहे.

घर स्वस्त पडलं याची तीन कारणं या हिशेबातून निघतात. माल जुना घेतला, नको ते तासलं नाही आणि प्रत्येक काम त्या त्या ऋतूच्या तोंडावर केलं. पहिली दोन कारणं सगळ्यांच्या लक्षात येतात, तिसरं फारसं येत नाही. उन्हाळ्यात छप्पर, शिशिराआधी धुराडं, गोठायच्या वेळी गिलावा. घर पुरं होण्याआधीच तो त्यात राहिला आणि राहता राहता पुढचं बांधकाम ठरवत गेला.

पवनेच्या किंवा पानशेतच्या पाण्याकाठी घर बांधू पाहणाऱ्याने दहा बाय पंधराची नक्कल करण्यात अर्थ नाही. आपला कसोटीचा ऋतू पावसाळा आहे, हिवाळा नव्हे. म्हणून आपल्याकडे क्रम बदलेल: दसऱ्यानंतर पाया, उन्हाळ्यात भिंती आणि मृगाआधी छप्पर व पाण्याला वाट. पण नकाशा काढण्याआधी एक पावसाळा आणि एक शरद त्या जागेवर अधूनमधून मुक्काम करून पाहा. पाणी कुठवर चढतं, वारा कुठून मारतो, आश्विनातलं ऊन कोणत्या काठावर जास्त वेळ टिकतं, हे वहीत लिहा. मग घर किती मोठं हवं, हा प्रश्न आपोआप लहान होईल.